समाजसंघटक व्हायचंय? मग आधी वस्तीत जा

1985 साली मुंबईत पदपथावर राहणाऱ्यांच्या डोक्यावर टांगती तलवार होती. ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि झोपड्या कधीही पाडल्या जातील, अशी धास्ती पसरली. त्या सुमारास भायखळा परिसरात काम करणाऱ्या ‘स्पार्क’ या नव्या संस्थेने लोकांना सोबत घेऊन गणती केली. सहा हजारांहून अधिक कुटुंबं नोंदली गेली. कुठून आलात, किती वर्षं इथे आहात, पोटापाण्याला काय करता? सरकारी कागदावर नसलेली माणसं आकड्यांसकट समोर आली आणि अधिकाऱ्यांशी बोलायला भक्कम आधार मिळाला.

समाजसंघटकाचं काम ते हेच. मुलाने या क्षेत्राचं नाव काढलं की पालकांना मोर्चे, घोषणा आणि पोलीस केस दिसू लागतात. प्रत्यक्षात यातला बराच वेळ लोकांच्या घरी बसून ऐकण्यात, नोंदी ठेवण्यात आणि हिशेब जुळवण्यात जातो. भाषण ठोकता येणारी मुलं पुष्कळ असतात. पाचव्यांदा त्याच दारात जाऊन त्याच बाईचं गाऱ्हाणं नीट ऐकणारी फार कमी.

भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांच्या ‘महिला मिलन’ या संघटनेने बचतगट चालवले. अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग प्रत्येकीच्या प्लास्टिकच्या पिशवीत रंगीत कागदाचे तुकडे ठेवले जायचे. एकेक रंग म्हणजे एकेक रक्कम. आपले पैसे किती, हे कुणालाही न विचारता कळायचं. या क्षेत्रात येणाऱ्याने ही रीत अभ्यासावी, कारण संघटकावाचून लोकांचं अडू नये, ही काळजी त्यात घेतलेली आहे.

ही पद्धत मुंबईपुरती राहिली नाही. झोपडपट्टीवासीयांचे नेते जॉकिन अर्पुथम 1991 मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. त्यानंतर दोन्हीकडच्या वस्त्यांतली माणसं एकमेकांकडे जाऊ-येऊ लागली आणि 1996 मध्ये ‘स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल’ हे आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं. बचत, स्वतः केलेली गणती आणि एकमेकांच्या वस्तीला भेट, एवढी शिदोरी देशोदेशी चालली. जमिनीचे कायदे मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने शिकावे लागले.

वेगवेगळ्या गटांना एकत्र ठेवणं हेही संघटकाचंच काम. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 1965 साली डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप झाला. सुरुवात फिलिपिनो मजुरांनी केली, काही दिवसांतच सीझर चावेझ यांच्या संघटनेतले मेक्सिकन वंशाचे मजूर सामील झाले. एका गटाच्या संपात दुसऱ्या गटाला कामावर आणायचं, ही मळेवाल्यांची जुनी खेळी होती. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, तरी या दोघांना एकत्र ठेवता आलं म्हणून 1970 मध्ये मोठ्या मळेवाल्यांना करार करावे लागले. चावेझ हे काम फ्रेड रॉस या संघटकाकडे शिकले होते, आठ-दहा माणसांच्या घरगुती बैठका घेत घेत.

कायद्याची जाणही हवी. स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांची ‘सेवा’ संघटना 1972 साली अहमदाबादेत नोंदवताना आक्षेप आला, की या बायकांना मालकच नाही, मग युनियन कुणाविरुद्ध? संस्थापक इला भट्ट वकील होत्या. युनियन कामगारांच्या एकजुटीसाठी असते, हा मुद्दा त्यांनी लावून धरला आणि नोंदणी मिळवली.

शिक्षणाच्या वाटा महाराष्ट्रात चांगल्या आहेत. समाजकार्याची पदवी, म्हणजे बीएसडब्ल्यू, बारावीनंतर करता येते; पदव्युत्तर एमएसडब्ल्यू पदवीनंतर दोन वर्षांचं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही जुनी नावं. पुढे स्वयंसेवी संस्था, कामगार संघटना, ‘उमेद’सारखं सरकारी अभियान, नगरपालिकांतली समुदाय संघटकाची पदं. यांतली बरीच कामं कंत्राटी असतात आणि सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे घरात आधीच बोलून घ्यावं. मराठीबरोबर हिंदी आणि कामापुरती इंग्रजी हवीच; शिवाय ज्या भागात काम करायचं तिथली बोली.

प्रवेश घेण्याआधी पालकांनी कॉलेजला दोन प्रश्न जरूर विचारावेत. विद्यार्थी आठवड्यातून किती दिवस प्रत्यक्ष वस्तीत जातात? आणि तिथे त्यांच्यासोबत अनुभवी संघटक असतो का? उत्तरं गुळमुळीत मिळाली, तर दुसरं कॉलेज बघा.