आगाशिवाची लेणी

कऱ्हाड येथे कृष्णा आणि कोयना या नद्या समोरासमोर येऊन मिळतात व कृष्णा पुढे सांगलीकडे वळते. या संगमाच्या नैर्ऋत्येस आगाशिवाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर महादेवाचे देऊळ असून कुशीत बौद्ध भिक्षूंची साठांहून अधिक लेणी आहेत. पायथ्याच्या जखिणवाडी गावातून वर चढत गेले, की ती दिसू लागतात.

मुलांनो, बौद्ध भिक्षू वर्षातील बराच काळ गावोगाव हिंडून उपदेश करीत. परंतु पावसाळ्यात प्रवास वर्ज्य मानून ते एके ठिकाणी राहत. सुमारे २,००० वर्षांपूर्वी त्यांच्या निवासासाठी व उपासनेसाठी हा खडक कोरला गेला. जपानमध्ये क्योतो नगरातील टेकडीच्या उतारावर कियोमिझु-देरा नावाचे बौद्ध मंदिर आहे. ते लाकडी असून अनेकदा जळाले व पुन्हा बांधले गेले. सध्याचे मुख्य मंदिर १६३३ सालचे आहे. येथे मात्र काहीच बांधलेले नाही. नको तेवढा दगड काढून टाकला आणि जे उरले तेच घर झाले. अशा कामात चुकीचा घाव भरून काढता येत नाही!

अजिंठ्याची चित्रे मनात ठेवून येणाऱ्याची येथे निराशा होईल. खोल्या लहान, भिंती साध्या. भिंतीलगत दगडी ओटे आहेत. भिक्षूंची शय्या हीच. एका चैत्यगृहाच्या दर्शनी भागी मात्र दोन स्तंभ कोरले आहेत. एकावर धर्मचक्र, दुसऱ्यावर सिंह. आत स्तूप आहे. बाहेर कितीही ऊन असले, तरी आत गारवा असतो.

हा खर्च कोणी केला? येथील एका झिजलेल्या लेखावरून कळते, की गोपालाचा पुत्र संघमित्र याने एक लेणे दान दिले. त्या लेखात ‘लेण’ असाच शब्द आहे; आपण आजही जवळजवळ तोच उच्चारतो. संघमित्र राजा होता असे लेख सांगत नाही. केवळ पित्याचे नाव, स्वतःचे नाव आणि दान, एवढेच त्याला पुरेसे वाटले. अलीकडे काही प्रवासी कोळशाने व खिळ्याने आपली नावे लेण्यांच्या भिंतींवर लिहून जातात. त्यांनी दिलेले काय, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते.

कऱ्हाडकरांचे दान या डोंगरापुरतेच नव्हते. मध्य प्रदेशातील भारहुत येथे एक भव्य स्तूप होता. त्याच्या दगडी कठड्यावर ‘करहकट’ नगराने दिलेल्या दानाची नोंद कोरलेली आढळली. करहकट म्हणजेच कऱ्हाड, असे विद्वान मानतात. त्या कठड्याचे बरेच अवशेष आज कोलकात्याच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात.