तपासणीच्या अहवालाआधी प्रयोगशाळा पाहा

नाशिकात सिमेंटचे ब्लॉक बनविणारे आणि लहानसहान बांधकामे घेणारे आपले बांधव पुष्कळ आहेत. त्यांचे बिल अडकते ते बहुधा मालाच्या तपासणीच्या अहवालावर. अहवाल नापास आला की खोट मालातच, असे आपण मुकाट्याने मानतो. पण अहवाल माणसे तयार करतात. ती कशा परिस्थितीत काम करतात, हे कोणी पाहत नाही.

दिंडोरी रस्त्यावर ‘मेरी’, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ पासून आहे. खासगी प्रयोगशाळा नंतर निघाल्या, आणि आपला माल बहुधा तेथेच जातो.

काँक्रीटचा १५० मि.मी.चा क्यूब २८ दिवस पाण्यात ठेवतात. पाणी २७ अंशांच्या दोन अंश वर-खाली असावे. मे महिन्यात टाकी पत्र्याखाली असेल तर ते काय राहणार? मग यंत्रावर भार मिनिटाला दर चौरस सेंटिमीटरला १४० किलो या गतीने वाढवायचा. सायंकाळी क्यूबची रांग उरलेली, तंत्रज्ञ थकलेला; त्याने गती वाढविली तर आकडा फुगतो, क्यूब तिरका बसला तर घसरतो. तुकडे उडतात, धूळ छातीत जाते, तरी चष्मा आणि मास्क कित्येकदा नसतात. अशाच एका ठिकाणच्या तरुणाने आम्हाला सांगितले की रोजचे आकडे ठरवून दिलेले असतात, आणि मोठे गिऱ्हाईक असले की ‘पुन्हा एकदा घे’ असा निरोप येतो.

आयएसओ १७०२५ च्या २०१७ च्या आवृत्तीनुसार प्रयोगशाळेच्या निष्पक्षपणावर व्यापारी दबाव येता कामा नये. एनएबीएलची मान्यता याच मानकावर मिळते. पण ती ठराविक चाचण्यांपुरती असते. आपली चाचणी त्या यादीत आहे का, हे विचारा. यंत्राच्या कॅलिब्रेशनचा दाखलाही पाहा.

आणि आपण? ‘जरा पास करून द्या’ म्हणणारे आपल्यातही आहेत. सूरह मुतफ्फिफीनमधील इशारा केवळ तराजूवाल्यांसाठी आहे, असे समजू नये.

अहवालात नुसती सरासरी घेऊ नका, तिन्ही क्यूबचे आकडे मागा. समजा २६, २५ आणि १७ आले. सरासरी सुमारे २२.७, १७ हा तिच्याखाली २५ टक्के. आयएस ४५६ नुसार फरक १५ टक्क्यांहून अधिक असेल तर तो निकालच ग्राह्य नाही. असा कागद दाखवून कोणी बिल रोखले, तर हेच कलम लेखी पुढे ठेवा. आणि जमेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी स्वतः यंत्रापाशी जाऊन उभे राहा.