साखळदंड आणि घर

शास्त्रपाठ : मार्क ५:१-२०. सोबत वाचावें : मत्तय ४:२४, १ राजे १९:१-८, योहान ९:१-३.



खांब, कोलाड, नागोठणें ह्या बाजूच्या गांवांत एखाद्याची झोप उडाली, तो एकटाच पुटपुटूं लागला किंवा कामधंदा सोडून कोपऱ्यांत बसला, म्हणजे शेजारी म्हणतात, "ह्याला बाहेरचें झालें आहे, भगताकडे न्या." आपण ख्रिस्ती झालों तेव्हां भगत सोडला, परंतु भगताचा विचार सोडला काय? आपल्यांतहि कोणी म्हणतात कीं, हा सैतानाचा विकार आहे, ही गुप्त पापाची शिक्षा आहे, आणि प्रार्थना चालू असतां गोळ्या घेणें हा अविश्वास आहे. अशा बोलण्यानें रोग्याचें औषध बंद पडतें व आजार पूर्वीहून बळावतो. म्हणून हा पाठ लक्षपूर्वक अभ्यासावा.

१. लोकांनीं काय केलें?

त्या मनुष्यास गांवकऱ्यांनीं बेड्या व साखळदंड घातले, आणि शेवटीं तो कबरांमध्यें राहूं लागला. त्याला बरें कसें करावें हें त्यांस ठाऊक नव्हतें. दूर कसें ठेवावें हें मात्र ठाऊक होतें. पुष्कळ देशांत असेंच चाललें. लंडन शहरांतील बेथलेम रुग्णालयांत अठराव्या शतकांत लोक करमणूक म्हणून वेड्यांना पाहावयास जात. आपल्या देशांत तामिळनाडूंतील एरवाडी येथें, एका दर्ग्याजवळच्या खाजगी आश्रयस्थानास ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहाटे आग लागली. मनोरुग्ण साखळ्यांनीं बांधलेले होते. त्यांस पळतां आलें नाहीं, व २८ जण प्राणांस मुकले. हें वाचून दुसऱ्या धर्माच्या लोकांस नांवें ठेवूं नयेत. साखळी कोणाच्याहि नांवानें घातली तरी तिचें वजन तेवढेंच असतें.

२. प्रभूनें काय केलें?

प्रभूनें त्याला नांव विचारलें. ज्याच्याशीं सर्वांनीं बोलणें टाकलें होतें, त्याच्याशीं तो बोलला. पुढें तो मनुष्य वस्त्र नेसून शांत बसला, आणि प्रभूबरोबर जाऊं इच्छीत असतां प्रभूनें त्याला आपल्या घरीं, आपल्या माणसांत पाठविलें.

कोणी म्हणेल, "तो तर भूतग्रस्त होता, येथें वैद्याचें काय काम?" मत्तयानें भूतग्रस्त, फेफरेकरी व पक्षघाती हे वेगवेगळे सांगितले आहेत, सर्व रोग एका पोत्यांत घातले नाहींत. एलीया झुडुपाखालीं बसून मरण मागूं लागला, तेव्हां देवदूतानें त्याला दोष दिला नाहीं. झोपूं दिलें, भाकर व पाणी दिलें. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं "पाप कोणाचें?" असें विचारलें, तें प्रभूनें मान्य केलें नाहीं. आणि ज्याला पौल प्रिय म्हणतो तो लूक वैद्य होता.

३. घराचें सामर्थ्य

बेल्जम देशांत गील नांवाचें गांव आहे. तेथील कुटुंबें कित्येक शतकें मनोरुग्णांना आपल्या घरीं ठेवून घेत आलीं आहेत. रुग्ण त्यांच्याबरोबर जेवतो व झेपेल तें काम करतो. एकोणिसाव्या शतकापासून सरकारी डॉक्टरांची देखरेखहि तेथें असते. आपल्याच रायगड जिल्ह्यांत कर्जत येथें डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेचें केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांस तेथें आणून औषध देतात, आणि बरें वाटल्यावर त्यांचें गांव शोधून त्यांस घरीं पोंचवितात. ह्या सेवेबद्दल वाटवानी यांस २०१८ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. औषध आणि घर हीं दोन्हीं लागतात. एकानें भागत नाहीं.

४. मंडळीनें काय करावें?

(अ) आजार लपवूं नये. "लग्न करून द्या म्हणजे ताळ्यावर येईल" असें म्हणून दुसऱ्याच्या लेकीस किंवा लेकास फसविणें हें पाप आहे.

(आ) रोग्यास जवळच्या सरकारी दवाखान्यांत दाखवावें, आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयांत नेण्याविषयीं तेथें विचारावें. १४४१६ ह्या टेलिमानस क्रमांकावर फोन केल्यास दिवसारात्रीं विनामूल्य सल्ला मिळतो. कोणी मरणाची भाषा बोलूं लागला तर त्याला एकटें सोडूं नये.

(इ) उपदेशकानें अवश्य प्रार्थना करावी. पण डॉक्टरांनीं दिलेली गोळी बंद करण्यास सांगूं नये. भूत काढण्याच्या नांवाखालीं मारणें किंवा बांधणें हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेंहि रुग्णास साखळी घालण्याची मनाई केली आहे.

(ई) रोग्याच्या घरीं पेज, भाकरी घेऊन जावें. त्याची आई किंवा बायको रात्रंदिवस जागत असते. तिला एक रात्र झोप मिळावी म्हणून कोणीतरी जाऊन बसावें.

विचारण्याचे प्रश्न : (१) गांवकऱ्यांचा उपाय व प्रभूचा उपाय ह्यांत भेद कोणता? (२) प्रभूनें त्या मनुष्यास घरीं कां पाठविलें? (३) आपल्या गांवांत असें घर कोणतें, आणि ह्या आठवड्यांत तेथें कोण जाणार?

प्रार्थनेचा विषय : मनानें थकलेले, आणि त्यांची सेवा करून थकलेले.