पिकअप घेण्याआधी वजन मोजा

चांदणी चौकातून भुगाव ओलांडून भुकूमकडे निघाले की चार दारांची पिकअप लोकांना का हवी असते, हे वेगळे सांगावे लागत नाही. रस्त्याच्या कडेला बांधकामे, आतल्या बाजूला प्लॉट आणि फार्महाऊस, घाट ओलांडला की पिरंगुटचे कारखाने, त्यापुढे पौडपासून ताम्हिणीपर्यंत भातखाचरे. इथल्या माणसाला सकाळी चार कामगार आणि दहा गोण्या सिमेंट एकाच खेपेत न्यायचे असते आणि संध्याकाळी त्याच गाडीतून घरच्यांना कोथरूडला दवाखान्यात न्यायचे असते. नवी डबल केबिन गाडी बहुतेकांच्या हाताबाहेरची, म्हणून सेकंडहँडचा शोध सुरू होतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : पेट्रोल घेऊ की डिझेल? माझे मत असे की हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो. आधी हौद्यात किती वजन पडणार आणि महिन्याला किती किलोमीटर होणार, हे ठरले पाहिजे. इंधनाचे उत्तर त्यातून आपोआप निघते, आणि पुष्कळदा ते ‘पिकअप घेऊच नका’ असे निघते.

मुळात आपल्या बाजारात निवडीला वाव फार थोडा आहे. महिंद्राची बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटाची झेनॉन आणि नंतरची योद्धा, 2016 मध्ये आलेली इसुझू व्ही-क्रॉस, 2022 मध्ये आलेली टोयोटा हायलक्स : जुन्या बाजारात दिसणाऱ्या या सगळ्या डबल केबिन गाड्या डिझेलच्या. हीच हायलक्स आखातात 2.7 लिटरच्या पेट्रोल इंजिनात सर्रास चालते, त्यामुळे दुबई-मस्कतला राहून आलेले लोक ‘पेट्रोल पिकअपच बरी’ असे सांगतात ते त्यांच्या अनुभवाने खरेच असते. पण तिथले इंधनाचे भाव वेगळे आणि तिथला बाजारही वेगळा. इथे पेट्रोलवर चालणारी मालवाहू गाडी म्हणजे बहुधा दोन सीटचा छोटा टेम्पो. म्हणून डिझेल पिकअपशी तुलना करायची ती बाजारात नसलेल्या पेट्रोल पिकअपशी नव्हे, तर साध्या पेट्रोल कारशी आणि गरजेपुरत्या भाड्याच्या टेम्पोशी.

ओझ्यासाठी डिझेल का, याचे कारण सवयीत नाही, इंजिनात आहे. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त ऊर्जा असते आणि जास्त दाबाखाली जळत असल्याने तिचा वापरही चांगला होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देते. व्ही-क्रॉसचे 1.9 लिटरचे इंजिन 360 न्यूटन-मीटर टॉर्क देते, हायलक्सचे 2.8 लिटरचे ऑटोमॅटिकमध्ये 500. कॅम्परचे अडीच लिटरचे इंजिन जेमतेम 75 अश्वशक्तीचे, तरीही ते टनभर माल घेऊन पिरंगुटचा घाट चढते. सिमेंटची गोणी 50 किलोची, म्हणजे टन भरायला वीसच गोण्या लागतात. एवढे वजन आठवड्यातून तीन-चार दिवस न्यायचे असेल, तर डिझेलला पर्याय नाही आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

पण ज्याच्या हौद्यात महिन्यातून दोनदा खताच्या गोण्या आणि एकदा जुने कपाट पडणार आहे, त्याचा हिशोब वेगळा. हिशोबापुरते डिझेल लिटरला साधारण 90 रुपये आणि पेट्रोल 104 च्या आसपास धरू. पिकअप लिटरला 11 किलोमीटर गेली तर किलोमीटरला आठ रुपयांच्या वर खर्च येतो. साधी पेट्रोल कार 15 गेली तर सात रुपयांच्या आत. म्हणजे स्वस्त इंधनाची गाडी प्रत्यक्षात महाग पडते, कारण तिचे वजनच जास्त. ‘डिझेल परवडते’ हा समज ज्या काळात तयार झाला, तेव्हा सरकार डिझेलचा भाव दाबून ठेवत असे. पेट्रोलचे भाव 2010 मध्ये मोकळे झाले आणि डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये. मधल्या वर्षांतली ती मोठी तफावत आता उरलेली नाही. त्यात पिकअपचे मोठे टायर, जादा ऑइल, इंजेक्टर आणि टर्बोचा खर्च मिळवा. मग महिन्याच्या तीन खेपांचे टेम्पोभाडे देऊनही पेट्रोल कारवाला पुढे राहतो. यावर ‘रस्ता खराब, पावसाळ्यात चिखल, उंच गाडी हवीच’ असे उत्तर येते. ते रास्त आहे. पण उंची हवी असेल तर उंच गाडी घ्यावी. रिकाम्या हौद्याची पिकअप स्प्रिंगच्या पाट्यांवर उडते, आणि ओल्या घाटात मागची चाके हलकी असताना ती जपून चालवावी लागते.

डिझेल घ्यायचे ठरले की गाडी कुठल्या पिढीची, हा खरा कळीचा प्रश्न. पुणे शहरात बीएस-4 हा प्रदूषणाचा नियम 2010 मध्ये आला, देशभर 1 एप्रिल 2017 पासून. बीएस-6 देशभर 1 एप्रिल 2020 पासून. बीएस-6 डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी एक जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळायला तिला साधारण 550 ते 600 अंश तापमान लागते, आणि ते मिळते ते गाडी मोकळ्या रस्त्यावर एका लयीत काही वेळ धावली तरच. भुकूम ते कोथरूड हे अंतर थोडे आणि त्यातला मोठा भाग भुगावच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातो. रोज एवढेच चालणाऱ्या बीएस-6 गाडीची जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिनची ताकद आपोआप कमी होते आणि नवी जाळी बसवण्याचा खर्च छातीत धडकी भरवतो. गॅरेजमध्ये ‘जाळी काढून टाकू, कटकट मिटेल’ असे सुचवणारे भेटतात. तो प्रदूषण नियमांचा भंग आहे, आणि तो धूर शेवटी आपल्याच गावातल्या मुलांच्या छातीत जातो. रोजची फेरी छोटी असेल, तर आठवड्यातून एकदा ताम्हिणीच्या बाजूला किंवा हायवेला अर्धा-पाऊण तास सलग चालवायची तयारी ठेवा. ती नसेल तर बीएस-6 डिझेलच्या वाटेला जाऊ नका. बीएस-4 च्या बहुतांश पिकअपमध्ये ही जाळी नसते, म्हणून चांगली राखलेली बीएस-4 गाडी आपल्या भागाला जास्त मानवते. तिचा धूर जास्त घातक असतो, हेही खरेच. म्हणून इंजेक्टर आणि फिल्टर वेळेवर पाहणे ही मालकाची जबाबदारी ठरते.

‘डिझेल दहा वर्षांत बंद होणार’ ही भीतीही नेहमी ऐकू येते. दहा वर्षांची ती मर्यादा राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015 च्या आदेशातून दिल्ली परिसरासाठी आली, महाराष्ट्राला ती लागू नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मात्र दिल्लीतून एनओसीवर आलेली स्वस्त गाडी समोर आली, तर इथली फेरनोंदणी आणि टॅक्स जोडल्याशिवाय तिला स्वस्त म्हणू नका. आणि पेट्रोलकडे वळणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्यासाठी न बनवलेल्या चारचाकीचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटू शकते, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच दिला होता. जुनी पेट्रोल कार घेताना उत्पादनाचे वर्ष म्हणूनच पाहावे.

यानंतर नंबरप्लेटचा रंग. कॅम्पर किंवा योद्धा बहुधा पिवळ्या म्हणजे व्यावसायिक नंबरवर, व्ही-क्रॉस आणि हायलक्स पांढऱ्या म्हणजे खासगी नंबरवर. पिवळ्या नंबरला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस पासिंग लागते, आणि पासिंग संपलेल्या गाडीचा अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. एकूण वजन 3000 किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचे परमिट लागत नाही. लायसन्सचीही अडचण नाही : 7500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्के केले. पण हौद्यात माणसे बसवू नका. भातलावणीच्या दिवसांत हे सगळीकडे दिसते, तरी अपघात झाला तर त्या मजुरांना विम्याचा आधार मिळणे कठीण. ‘पिवळी गाडी पांढरी करून देतो’ असे एजंट म्हणाला, तर आरसीवर ते उतरेपर्यंत पैसे देऊ नका. बँकेचा बोजा, थकलेली चलने आणि विमा हे सगळे परिवहनच्या ॲपवर गाडीच्या नंबरवरून आधी पाहून घ्या.

गाडी पाहायला सकाळी जा आणि पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. ते गरम असेल तर तुमच्यासाठी गाडी आधीच चालू करून ठेवली आहे. थंड होईपर्यंत थांबा. थंड इंजिन चालू करून ऑइल भरायचे झाकण उघडा. तिथून दमादमाने धूर बाहेर येत असेल तर इंजिनचे कॉम्प्रेशन गळते आहे. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. मग गाडीखाली वाका. मागच्या पाट्यांमध्ये एखादा पाटा इतरांपेक्षा नवा किंवा जाड दिसला, तर ती गाडी ओव्हरलोड चाललेली आहे. केबिन आणि हौद्यामधल्या फटीतून चासी पाहा. तिथे वेल्डिंग किंवा पापुद्रे सुटलेला गंज असेल, तर किंमत कितीही कमी असो, परत फिरा. शेवटी घाटात वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा : इंजिनचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच गेलेला आहे.

आठवड्यातले निम्मे दिवस हौदा भरणार असेल, तर स्वच्छ कागदांची, मालकाने स्वतः वापरलेली बीएस-4 डिझेल पिकअप घ्या. लांबचे रनिंग असेल तर बीएस-6 घ्या. आणि हौदा बहुतेक वेळ रिकामाच राहणार असेल, तर पेट्रोल कार घ्या आणि गावातल्या टेम्पोवाल्याला भाडे द्या. उरलेल्या पैशांत निदान वर्षभर तरी भाड्याची काळजी राहणार नाही.