भेटीच्या खोक्यातील कोरिया

भेट हाती आली, की ती कोणी पाठवली हे माणूस आधी पाहतो आणि आत काय आहे हे नंतर. दक्षिण कोरियातील खाऊचे खोके वर्गणी भरून दरमहा मागवता येते, तसेच दूरच्या स्नेह्याला भेट म्हणूनही पाठवता येते. त्यात खाऊबरोबर त्या देशाच्या चालीरीतींचा थोडाफार परिचय करून देणाऱ्या वस्तूही असतात.

कोरियात भेट देताना आणि घेताना दोन्ही हात पुढे करण्याची रीत आहे. वडीलधाऱ्यांकडून एका हाताने वस्तू घेणे उद्धटपणाचे समजले जाते. देणाऱ्यासमोर वेष्टन लगेच न उघडण्याचा संकेतही पूर्वापार चालत आला आहे. टपालाने आलेल्या खोक्यापुढे हे नियम लटके पडतात. तेथे कात्रीच चालवावी लागते! वेष्टनासाठी तेथे ‘बोजागी’ नावाचा चौकोनी रुमाल वापरतात. जोसन राजवटीच्या काळात स्त्रिया उरलेल्या कापडाचे तुकडे जोडून असे रुमाल शिवत. गोधडी शिवणाऱ्या हातांना ही कला परकी वाटणार नाही.

पाकिटांवरील अक्षरे प्रथमदर्शनी गूढ वाटतात. ही ‘हंगुल’ लिपी सेजोंग राजाच्या काळात १४४३ मध्ये सिद्ध झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. चिनी लिपी सामान्य माणसाला शिकणे अवघड जाते, म्हणून ती निर्माण केली गेली. ‘म’ या ध्वनीचे अक्षर तोंडाच्या आकारावरून घेतलेले चौकोनी आहे, तर ‘क’ किंवा ‘ग’ लिहिताना जिभेचे मूळ वर उचलले जाते तसा आकार काढतात. मराठी वर्णमालेत कंठ्य, तालव्य असे वर्ग ध्वनीच्या उच्चारस्थानावरून पाडलेले आहेत. कोरियात तेच उच्चारस्थान अक्षराच्या आकारात उतरले.

खोक्यात बहुधा ‘याकग्वा’ असते. गव्हाच्या पिठात तिळाचे तेल व मध घालून, तळून, पुन्हा पाकात मुरवलेला हा फुलाच्या आकाराचा पदार्थ. त्याच्या नावातील ‘याक’ म्हणजे औषध. मधाला औषधी मानत, म्हणून हे नाव. ‘सोंगप्योन’ मात्र खोक्यात सहसा येत नाही. शरद ऋतूतील ‘चुसोक’ या सणाला तांदळाच्या पिठीत तीळ, चेस्टनट किंवा घेवड्यासारख्या दाण्यांचे सारण भरून, पाइनच्या पानांवर वाफवून ते करतात. मोदकाप्रमाणेच ते ताजेच खावे. शिळे झाले की कडक होते.

सर्वांत ओळखीचा खाऊ म्हणजे ‘चोको पाय’. दोन मऊ बिस्किटांमध्ये मार्शमेलो आणि वरून चॉकलेटचा लेप असा हा पदार्थ ओरायन कंपनीने १९७४ मध्ये कोरियात आणला. पुढे त्याच्या वेष्टनावर ‘जोंग’ हा शब्द आला. सहवासातून नकळत वाढणारी माया असा त्याचा अर्थ. मराठीतील ‘लळा’ हा शब्द त्याच्या जवळ जातो. मार्शमेलोत सहसा प्राणिज जिलेटिन असते. भारतात तयार होणाऱ्या चोको पायमध्ये ते वापरत नाहीत, म्हणून त्यावर हिरवा ठिपका दिसतो. परदेशातून आलेल्या पाकिटावर तो नसतो. शाकाहारी माणसाने घटकांची यादी वाचूनच ते उघडावे.

या साध्या खाऊला एका दुभंगलेल्या देशाचा इतिहास चिकटला आहे. उत्तर कोरियातील केसोंग येथे दक्षिणेच्या कंपन्यांचे कारखाने होते. २००४ पासून तेथे उत्पादन सुरू झाले आणि पुढे उत्तरेतील पन्नास हजारांहून अधिक कामगार तेथे राबू लागले. कामगारांच्या हाती थेट रोख बक्षीस देता येत नसे, म्हणून मालक त्यांना चोको पाय देत. अनेक कामगार ते स्वतः न खाता मुलांसाठी घरी नेत, काही बाजारात विकत. अशा रीतीने दक्षिणेची चव सीमेपलीकडच्या घरांत पोहोचू लागली. उत्तरेच्या सत्ताधाऱ्यांना हे रुचले नाही आणि २०१४ मध्ये हा खाऊ थांबवण्यात आला. त्याच वर्षी दक्षिणेतील काही कार्यकर्त्यांनी मोठ्या फुग्यांना हजारो चोको पाय बांधून ते सीमेपार सोडले. फेब्रुवारी २०१६ मध्ये कारखानेही बंद झाले. जी वस्तू आज टपालाने भारतातील घरी येऊ शकते, ती सोलहून सुमारे तासाभराच्या अंतरावर असलेल्या केसोंगमधील नातलगाला पाठवता येत नाही.