घरी जोडलेलं घड्याळ आणि तबकडीवरचं नाव



चौथीला घड्याळ शिकवताना आपण पुठ्ठ्याची तबकडी करतो, टाचणीने काटे लावतो. मुलं वेळ सांगायला शिकतात, पण काटे आपोआप फिरतात कसे, हा प्रश्न तसाच राहतो. मलाही तो पडलेला होता. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सुटे भाग मागवून मी एक घड्याळ घरीच जोडलं.

नमुना घेतला रोलेक्स सबमरिनरचा. हे घड्याळ १९५३ साली पाण्याखाली उतरणाऱ्या डायव्हरांसाठी तयार झालं. काळी तबकडी, अंधारात चमकणारे ठिपके आणि कडेला फिरणारी रिंग, म्हणजे बेझल. किंमत लाखांत! पण त्या धर्तीची केस, कोरी तबकडी आणि काटे सुटे मिळतात. आत जपानी एनएच ३५ हे ऑटोमॅटिक मशीन बसवलं. याला सेल लागत नाही. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंगला चावी मिळते.

कसं जोडलं?

१. तबकडीचे दोन पाय मशीनच्या भोकांत बसवले.
२. चावी फिरवत तारीख बदलते तिथे थांबले. तोच रात्रीचा १२ चा क्षण.
३. आधी तास काटा, मग मिनिट काटा, शेवटी सेकंद काटा, तिन्ही १२ वर.
४. धूळ उडवून मशीन केसमध्ये ठेवलं, चावीची दांडी मापाने कापून बसवली, रबरी रिंग लावून मागचं झाकण बंद केलं.

पहिली दांडी मी जास्तच कापली. ती वाया गेली, नवीन आणावी लागली. 'आधी मोजा, मग कापा' हे मुलांना रोज सांगते, तेव्हा स्वतःच विसरले!

वर्गात काय केलं?

हे मशीन तासाला २१,६०० ठोके देतं. मुलांनी ३,६०० ने भागलं. उत्तर आलं, सेकंदाला ६. भागाकाराचं उत्तर कानाला लावून ऐकता येतं, हे त्यांना फार आवडलं. मग बेझलची खूण मिनिट काट्यासमोर आणून 'शुद्धलेखनाला किती मिनिटं लागली' हे मोजलं. बेझल एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागला तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी नाही. म्हणजे डायव्हर लवकर वर येईल, पण हवा संपेपर्यंत खाली राहणार नाही.

तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "बाई, वर रोलेक्स लिहा ना, भारी वाटेल."

मी म्हटलं, "तुझ्या चित्रावर दुसऱ्याने स्वतःचं नाव टाकलं तर चालेल?"

तो थांबला आणि म्हणाला, "पण पप्पा वर्कशॉपमध्ये पार्ट बनवतात, त्यावर नाव कंपनीचंच असतं."

आपलं हे वागळे इस्टेट. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसीच्या स्थापनेचा समारंभ इथेच झाला. इथल्या मुलांना लेथ आणि जॉब हे शब्द घरातूनच माहीत असतात. त्याचा प्रश्न खरा होता. मी सांगितलं, "पप्पांचं काम दोघांनी ठरवून, पैसे घेऊन केलेलं असतं. मी रोलेक्स लिहिलं तर रोलेक्सला विचारलेलं नसेल आणि बघणारा फसेल. तो गुन्हाही आहे. रूप मी त्यांचंच घेतलंय, म्हणून कुणी विचारलं की सांगते, कल्पना त्यांची, जोडणी माझी."

नाव काही टाकलं नाही. तबकडी कोरीच आहे.

आता आपल्याबद्दल

त्या रात्री कपाटातले प्रकल्प पाहिले. किती तरी दुकानातून आणलेले, किती तरी आईबाबांनी रात्री जागून केलेले, आणि खाली नाव मुलाचं! त्यांना पैकीच्या पैकी गुण मीच दिले होते. हे रोलेक्स लिहिण्यापेक्षा वेगळं आहे का?

पालकहो, मदत जरूर करा. पण वाकडं कापलेलं, गोंद सांडलेलं काम मुलाचं असू द्या. पुढच्या प्रकल्पापासून मी शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून घेणार आहे: 'मी काय केलं' आणि 'मदत कुणाची घेतली'. गुण त्या दोन ओळींनाही असतील. तुमच्याही वर्गात करून पाहा.