पोतं एक, पेरणारे वीस

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये वीस संगणक आहेत. अँड्रॉइडचं प्रॅक्टिकल असलं की प्रत्येक मशीनवर ॲप बिल्ड करणारं ग्रेडल त्याच लायब्ऱ्या पुन्हा डाउनलोड करत बसतं आणि तास संपतो. एका मशीनवरचं ‘डॉट ग्रेडल’ फोल्डर सर्व्हरवर ठेवून सगळ्यांना शेअर केलं तर?
– एक विद्यार्थी, जालना

उत्तर : वाचायला द्या, लिहायला देऊ नका. त्या फोल्डरात जार फायलींबरोबर त्यांच्या नोंदी असतात आणि त्या नोंदींवर कुलूप, म्हणजे लॉक फाइल. कुलूप सोडतोस का, हे ग्रेडलच्या प्रोसेस एकमेकींना विचारतात, पण त्याच मशीनच्या आतल्या आत. शेजारच्या मशीनला ती हाक ऐकूच जात नाही. मग कोणी ताटकळतं, नाहीतर नोंदच बिघडते.

हा सामायिक साठा बियाण्याच्या पोत्यासारखा वापरायचा; आणि बियाण्याचा व्यवहार जालनेकरांना मी काय सांगणार! बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली ती तुमच्याच गावात. पायाभूत बियाण्याच्या पोत्यातून बीजोत्पादक नेतात. आपल्या वावरातले दाणे त्यात परत कोणी ओततं का?

फक्त घ्यायचं, परत ओतायचं नाही : ग्रेडलने ६.२ आवृत्तीपासून नेमकी हीच सोय दिली आहे. एका मशीनवर सगळी प्रॅक्टिकलं एकदा बिल्ड करा. तिथल्या ‘डॉट ग्रेडल’च्या ‘कॅशेस’मधलं ‘मॉड्यूल्स-२’ फोल्डर सर्व्हरवर कॉपी करा, आतल्या लॉक फायली आणि ‘जीसी डॉट प्रॉपर्टीज’ काढून टाका. मग ‘ग्रेडल आरओ डेप कॅश’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कॅपिटल अक्षरं, मधे अंडरस्कोर) ते ज्या फोल्डरात ठेवलं त्याचा पत्ता द्या. एखादी नवी लायब्ररी लागली तर ती ज्याच्या-त्याच्या घरच्या फोल्डरात उतरते, सामायिक साठ्याला धक्का लागत नाही. लॅबचं नेटवर्कच रडतं असेल, तर तेच फोल्डर पेन ड्राइव्हने वीसही मशीनवर टाका; यात कमीपणा नाही.

लिहायची परवानगी नाकारण्याचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. एका खोडकर पोराने साठ्यातली एक जार बदलली, की ती वीस जणांच्या ॲपमध्ये शिरू शकते.

एवढं करूनही पहिल्या दिवशी डाउनलोड दिसेल, तेव्हा मला शिव्या घालू नका. ग्रेडलची स्वतःची झिप, शंभरेक एमबीची, या साठ्यात येत नाही. ती प्रोजेक्टमधला ग्रेडल रॅपर वेगळी आणतो. ती लॅबच्या सर्व्हरवर ठेवून रॅपरच्या प्रॉपर्टीज फाइलमधला ‘डिस्ट्रिब्यूशन यूआरएल’ तिकडे वळवा.